खड्डा बुजवेपर्यंत : राधानगरी ते रेडी

पुण्याच्या आसपास कुठेही हातोडी मारा, काळा पाषाणच निघतो. वाघोलीच्या खाणींतलं निळंशार कॅव्हन्साइट जगभरच्या संग्रहालयांत जाऊन बसलंय, पण ते कपाटात ठेवायचं वैभव. भूशास्त्राच्या मुलांना खनिजांचा शोध कसा चालतो हे प्रत्यक्ष दाखवायचं, तर बेसाल्टचा थर जिथे संपतो तिथवर जावं लागतं. विदर्भ त्यासाठी उत्तम, पण लांब. जवळची वाट म्हणजे राधानगरी, दाजीपूर, फोंडाघाट, कणकवली आणि खाली रेडी. माथ्यावर बॉक्साइट, म्हणजे ॲल्युमिनियमचं खनिज, घाटाच्या पायथ्याला सिलिका वाळू, कणकवलीला क्रोमाइट, म्हणजे क्रोमियमचं, रेडीला लोहखनिज. चार प्रकारचे दगड आणि शोधाच्या चार निरनिराळ्या पद्धती एकाच रस्त्यावर मिळतात.

आमच्या गटात काही शिकवणारे होते, काही ड्रिलिंगच्या साइटवर केस पांढरे केलेले, बाकी विद्यार्थी. कायद्याचं आधीच सांगून टाकतो. खाण व खनिज अधिनियम १९५७ प्रमाणे परवान्याशिवाय पूर्वेक्षण, म्हणजे खनिजाचा शोध, करता येत नाही. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण, अणुखनिज संचालनालय, राज्याचं भूविज्ञान व खनिकर्म संचालनालय अशा सरकारी संस्थांना त्यातून मोकळीक आहे, कॉलेजच्या सहलीला नाही. त्यामुळे आम्ही एकही खड्डा मारला नाही. दुसऱ्यांनी मारलेले पाहिले, आणि ओढ्यातला गाळ सरावापुरता, पंचायतीला सांगून उपसला.

२०२३ मध्ये केंद्राने ३० अत्यावश्यक खनिजांची यादी काढली. त्याच वर्षी कायदा बदलून खोलवरच्या आणि अत्यावश्यक अशा २९ खनिजांसाठी खास शोध-परवानाही आणला. तेव्हापासून लिथियम, निकेल, टंगस्टनच्या बातम्या रोज येतात. बातमीत एक गोष्ट नसते : बहुतेक शोध ‘इथे काही नाही’ याच निष्कर्षावर संपतात. खाण एखाद्याच जागी होते. खड्डे, तोडलेल्या वाटा आणि ड्रिलची भोकं मात्र सगळीकडे मागे राहतात. म्हणून काही सापडणार नाही असं धरूनच कामाला लागावं, आणि परत जाताना गावाकडे काय उरेल याचा हिशेब आधी करावा, असं आमचं मत आहे.

निघण्याआधी, पुण्यात

बोहरी आळीत अर्ध्या दिवसात सगळं मिळतं : लाकडी हातोडा, ताडपत्री, दहा लिटरची बादली, लोहचुंबक, सुती पिशव्या. चाळणी मात्र बघून घ्या. गाळासाठी ८० मेशची, म्हणजे १७७ मायक्रॉन छिद्रांची चाळणी लागते. पितळी जाळीची चाळणी सहज मिळते, पण पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. तीच दोन मूलद्रव्यं नमुन्यात शोधायची आणि चाळणीच ती नमुन्यात मिसळणार! जाळी स्टेनलेस स्टीलची किंवा नायलॉनचीच हवी. याच कारणाने नमुना घेताना अंगठ्या-बांगड्या काढून ठेवायच्या. उन्हाचं मलम लावलं असेल तर हात धुवायचे, कारण बऱ्याच मलमांत झिंक ऑक्साइड असतं.

चुनखडक ओळखायला दहा टक्क्यांचं हायड्रोक्लोरिक आम्ल लागतं. दुकानात मिळणारं ३७ टक्क्यांचं एक भाग आणि पाणी तीन भाग. आधी पाणी, मग त्यात आम्ल, उलट कधीच नाही. ड्रॉपरच्या छोट्या प्लास्टिक बाटलीत भरून ती बाटली दुसऱ्या डब्यात ठेवायची. बॅगेत सांडलं तर आधी नकाशे जातात, मग जिपर.

नकाशांसाठी भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं ‘भूकोश’ आणि डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झालेलं राष्ट्रीय भूविज्ञान माहिती भांडार ही दोन संकेतस्थळं पुरेशी आहेत. आधी कोणी काय शोधलं, कुठे ड्रिल केलं हे तिथे बघितलं की निम्मे खड्डे मारावेच लागत नाहीत. मग त्याच नकाशावर लाल पेन घेऊन कुठे जायचं नाही ते भरायचं : अभयारण्याची हद्द, राखीव वन, देवराया, पिण्याच्या पाण्याचे झरे, कातळशिल्पं. हे काम कंटाळवाणं आहे आणि सगळे ते शेवटी करतात. ते पहिलं करा.

पहिला दिवस : पुणे ते राधानगरी

महामार्गाबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. कोल्हापुरात मिसळ झाली. राधानगरीला पोचेपर्यंत ऊन उतरलं होतं. शाहू महाराजांनी बांधायला घेतलेल्या या धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे पावसाळ्यात पाण्याच्या दाबाने आपोआप उघडतात. डिसेंबरात ते गप्प असतात, पण बांधकाम बघावं असं आहे.

मुक्काम धरणाच्या वरच्या अंगाला एका घरात होता. चुलीवरची नाचणीची भाकरी, झुणका, ठेचा, आणि रात्री दोन-दोन गोधड्या घेऊनही भरणारी हुडहुडी. घरच्या मावशींनी पिशवीतल्या हातोड्या बघितल्या आणि वाढता वाढता विचारलं, “बॉक्साइटवालं का तुमी?” या भागाने खाणी बघितल्यात. दुर्गमानवाडच्या बॉक्साइटचं नाव इथल्या पोरासोरांनाही माहीत आहे. अशा गावात ‘फक्त दगड बघायला आलोय’ असं म्हणून चालत नाही, कोण, कुठले, किती दिवस, काय नेणार, हे नीट सांगावं लागतं. आम्ही एका पानावर मराठीत छापून नेलं होतं. मावशींनी ते पान पोराकडून वाचून घेतलं आणि मगच ताक आणलं.

दुसरा दिवस : सड्यावर

पहाटे सड्यावर, म्हणजे माथ्यावरच्या कातळी पठारावर, धुकं होतं, नऊला ते उडालं आणि वाळलेलं गवत चमकायला लागलं. पावसाळ्यानंतर हे गवत कमरेइतकं वाढून सुकतं. इथे विडी-काडी, जिपचा तापलेला सायलेन्सर, गवतात उभी केलेली मोटरसायकल, कशानेही वणवा लागतो. गाडी नेहमी उघड्या कातळावर लावावी.

बॉक्साइट इथे बेसाल्टच्याच माथ्यावर बनलंय. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यावर नंतर उष्ण पावसाळी हवामानात पाणी झिरपत राहिलं, सिलिका धुऊन गेली, लोह आणि ॲल्युमिनियम मागे उरलं. एका जुन्या रस्त्याच्या कापात सगळे थर एकाखाली एक दिसले. वर बोटभर माती, मग कडक जांभा, त्याखाली फिकट गुलाबी-पिवळसर, वाटाण्याएवढ्या गोळ्यांचं बॉक्साइट, त्याखाली पांढरट-जांभळी चिकणमाती, म्हणजे लिथोमार्ज, आणि सगळ्यात खाली कुजलेला बेसाल्ट. चिकणमाती ओळखायची सोपी युक्ती : खड्यावर तोंडाची वाफ सोडायची आणि हुंगायचं. पहिल्या पावसाचा वास आला तर माती जास्त, म्हणजे सिलिका जास्त.

या कापातून नमुना कसा घेतात तेही मुलांनी केलं. आधी वरचा धुरळ्याचा आणि पावसाने धुतलेला भाग खरवडून ताजी भिंत काढायची. मग वरून खाली, दहा सेंटिमीटर रुंद आणि पाच सेंटिमीटर खोल अशी सरळ चर, दर मीटरला वेगळी पिशवी. थर मध्येच बदलला तर मीटर पुरा व्हायची वाट न बघता तिथे पिशवी बदलायची. चुका सगळ्यांच्या सारख्याच होतात : मऊ भाग जास्त पडतो, कडक जांभा कमी, आणि नमुना मातीच्या बाजूला झुकतो. कडक भागात छिन्नी घेऊन चराची रुंदी तेवढीच ठेवायला वेळ लागतो, तो द्यावाच लागतो.

दिवसाचा मोठा भाग मात्र झऱ्यांवर गेला. जांभा सच्छिद्र असतो. पावसाळ्यात तो पाणी पितो, ते खालच्या चिकणमातीवर अडतं आणि पठाराच्या कडेकडेने झऱ्यांनी बाहेर येतं. कडेच्या वाड्या त्याच पाण्यावर उभ्या आहेत. म्हणजे आपण ज्या थराच्या मागे असतो, तीच गावाची टाकी असते. त्यामुळे इथे शोध करणाऱ्याने पहिला नमुना दगडाचा न घेता पाण्याचा घ्यावा. दहा लिटरची बादली, मोबाइलचं स्टॉपवॉच. बादली ४० सेकंदांत भरली तर मिनिटाला १५ लिटर, दिवसाला २१,६०० लिटर. तीनदा मोजून सरासरी घ्यायची, सामू आणि विद्युतवाहकता नोंदवायची, झऱ्याच्या तोंडाचा फोटो, अक्षांश-रेखांश, आणि कोणत्या वाडीची किती घरं त्यावर आहेत तेही लिहायचं. ही नोंद आधीची असेल तरच पुढे ‘झरा आटला’ आणि ‘तो आटायचाच होता’ हे भांडण पुराव्याने सुटतं.

एक धनगर मामा बराच वेळ काठीवर हनुवटी ठेवून हे बघत होते. शेवटी म्हणाले, “आत्ता मोजून काय कळतंय? समद्याच झऱ्याला पानी हाय. चैत्र सरल्यावर या, तवा मोजा.” भूजलाच्या पाठ्यपुस्तकात हेच लिहिलंय, पण तीन परिच्छेदांत. डिसेंबरचं एक आणि एप्रिल-मेचं एक, अशा दोन मोजण्या लागतातच. मामांनी आम्हाला नकाशावर नसलेले आणखी झरे दाखवले. त्यातल्या एकावर गव्यांच्या खुरांचे ताजे ठसे होते.

गव्यांवरून खड्ड्यांकडे येतो. पठारावर चाचणीचे खड्डे साधारण १०० ते २०० मीटरच्या जाळीने, म्हणजे उभ्या-आडव्या रांगांत तेवढ्या अंतरावर, मारतात. उघडा खड्डा हा ससा, बेडूक, साप, वासरू, सगळ्यांसाठी सापळा असतो. रात्री तो उघडा ठेवायचा नाही. ठेवावाच लागला तर चारही बाजूंनी काटेरी कुंपण आणि आत एक तिरकी फळी, म्हणजे पडलेलं जनावर चढून येतं. दीड मीटरच्या खाली माणूस उतरवायचा असेल तर भिंतींना टेकू द्यायचा किंवा त्या पायऱ्यांनी रुंद करायच्या. काढलेला माल कडेपासून किमान एक मीटर लांब टाकायचा. मजुरी खड्ड्यावर न देता दिवसावर द्यावी. खड्ड्यावर दिली की घाई होते, आणि जो टेकू लावायचा राहून जातो तोच अंगावर येतो.

बुजवतानाही क्रम असतो. माती, जांभा, चिकणमाती यांचे ढीग वेगवेगळे ठेवलेले असतील तर उलट्या क्रमाने भरता येतात, माती शेवटी. वर दहा-पंधरा सेंटिमीटरचा उंचवटा ठेवायचा, कारण पहिल्या पावसात भराव बसतो. सगळं सपाट करून गेलेल्या माणसाचा खड्डा पुढच्या श्रावणात परत दिसतो. सड्यावर मातीच मुळात बोटभर असते आणि ऑगस्ट-सप्टेंबरची फुलं त्याच बोटभर मातीवर येतात. तेव्हा जाळीतला बिंदू मातीच्या खळग्यावर आला तर तो दहा मीटर सरकवून उघड्या कातळावर घ्यावा. आकडेमोडीला त्याने काहीही फरक पडत नाही.

तिसरा दिवस : दाजीपूर, फोंडाघाट, कासार्डे

राधानगरी हे महाराष्ट्रातलं सगळ्यात जुनं अभयारण्य, १९५८ चं, आणि २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारशातही आहे. इथे हातोड्या गाडीच्या तळाशी, कुलूप लावून. दगड उचलायचाही नाही. आम्ही फक्त थांबून पाहिलं.

घाट उतरताना एकावर एक रचलेले लाव्ह्याचे थर दिसत राहतात आणि पायथ्याशी फोंड्याच्या आसपास दगडाची जात बदलते. काळा पाषाण संपतो आणि कलादगी गटाचे फिकट वालुकाश्म-क्वार्टझाइट लागतात. दोन्हींच्या मधली कोट्यवधी वर्षं दगडात नोंदलेलीच नाहीत. हवाही इथेच बदलते. वर स्वेटर, खाली घामाच्या धारा.

कासार्डे परिसरात हाच क्वार्टझाइट विरघळून-कुजून सिलिका वाळू झालाय. काच आणि ओतकामाच्या साच्यांसाठी ती जाते. इथे शोधणाऱ्याला धोका धुळीचा. क्वार्टझाइट फोडताना उडणारी बारीक धूळ फुप्फुसात बसली की सिलिकोसिस होतो, आणि तो बरा होत नाही. साधा रुमाल बांधून भागत नाही, एन-९५ मास्क लागतो, आणि दगड आधी ओला करून फोडायचा. डोळ्याला चष्मा हवाच, कारण क्वार्टझाइटची चीप काचेसारखी उडते. एका हातोडीवर दुसरी हातोडी कधीही मारू नये. दोन्ही पोलाद कडक असतं आणि तुकडा उडतो तो पोलादाचा.

दुपारी फोंड्यात काळ्या वाटाण्याची आमटी, घावणे आणि सोलकढी. आमटी संपल्यावर भूशास्त्रावर बोलायची कोणाची इच्छा राहिली नाही.

चौथा दिवस : कणकवली, ओढा आणि गाऱ्हाणं

कणकवलीला लागून असलेल्या जानवली आणि वागदे या गावांचं नाव भूशास्त्राच्या पुस्तकांत क्रोमाइटमुळे आहे. इथल्या प्राचीन शिस्ट या पापुद्र्यांच्या खडकात अत्यल्पसिकत खडकांचे, म्हणजे पृथ्वीच्या खोल आवरणातून आलेल्या जड हिरवट दगडांचे पट्टे आहेत. आता अशा दगडांकडे निकेल आणि प्लॅटिनम गटातल्या धातूंसाठीही नव्याने बघितलं जातं.

कामाला लागण्याआधी गावकरांना, म्हणजे गावच्या मानकऱ्यांना, भेटलो. सकाळची वेळ, देवळात त्यांनी नारळ ठेवला आणि कोणी न सांगताच गाऱ्हाणं सुरू केलं : “बा देवा रवळनाथा, म्हाराजा! आज ही पुण्याची पोरां तुझ्या राज्यात दगड-माती बघूक इली हत. तेंच्या हाता-पायाक काय इजा होव नको, नि तेंच्या हातसून आमच्या पाण्याक, ढोरांक काय इजा होव नको, असां कर रे म्हाराजा!” जमलेली मंडळी एका सुरात, “व्हय म्हाराजा!” पर्यावरण-व्यवस्थापनाचे शंभर पानी आराखडे आम्ही वाचलेत. त्यांत याहून वेगळं फार काही नसतं.

मग ओढा. गाळाचा नमुना घ्यायची रीत अशी. छोटा, पहिल्या-दुसऱ्या श्रेणीचा, म्हणजे उगमाजवळचा ओढा निवडायचा. रस्ता, पूल, पत्र्याची घरं यांच्या वरच्या अंगाला जायचं, नाहीतर गॅल्व्हनाइज्ड पत्र्याचं जस्त खनिज म्हणून मिरवतं. खालून वर चालत जायचं, म्हणजे आपणच ढवळलेला गाळ पुढच्या नमुन्यात येत नाही. पंधरा-वीस मीटरच्या पट्ट्यात, पाण्याच्या वाहत्या भागातल्या दगडांमागून, पाच ते दहा जागांचा बारीक गाळ एकत्र करायचा. काठ ढासळून पडलेली माती घ्यायची नाही, ती शेजारच्या शेताची असते. ओला गाळ किलोभर घेतला तर चाळून शे-दीडशे ग्रॅम हाती लागतो. सावलीत वाळवायचा, ढेकळं लाकडी हातोड्याने फोडायची. दर वीस नमुन्यांमागे एका जागी दुसरा नमुना वेगळ्या क्रमांकाने घ्यायचा. प्रयोगशाळा आणि आपण किती सारखं काम करतो ते त्यावरून कळतं.

पिशवीवर मार्करने लिहिलेला क्रमांक ओल्या कापडावर दोन दिवसांत पसरतो. म्हणून पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी छोट्या प्लास्टिकच्या पाकिटात घालून आतही ठेवायची.

भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं देशभराचं भूरासायनिक नकाशाचं काम याच रीतीने होतं : एक किलोमीटरच्या चौकटीत एक नमुना, आणि विश्लेषणासाठी चार चौकटींचा मिळून एक. चार चौरस किलोमीटरचं उत्तर दोन मुठी गाळात मिळतं, आणि एक झाडही तोडावं लागत नाही. खड्डे आणि ड्रिल त्यानंतरच यायला हवेत. प्राथमिक पाहणीपासून सविस्तर शोधापर्यंतच्या जी-४ ते जी-१ अशा टप्प्यांचा अर्थच तो आहे. टप्पा गाळून थेट ड्रिल लावणाऱ्याचे पैसेही जातात आणि गावाचा विश्वासही.

दुपारी थाळीत गाळ धुतला. थाळी दोन-तृतीयांश भरायची, पाण्याखाली हाताने मळून चिकणमाती सोडायची, गोटे काढायचे, मग हलवून-तिरकं करून हलकी वाळू बाहेर. शेवटी काळ्या वाळूची चंद्रकोर उरते. ती बघून मुलं ओरडली. पण काळं म्हणजे क्रोमाइट असं नव्हे. घाटावरून आलेल्या बेसाल्टचा मॅग्नेटाइटही तसाच दिसतो. लोहचुंबक प्लास्टिकमध्ये गुंडाळून फिरवायचा. झटकन चिकटतं ते मॅग्नेटाइट. क्रोमाइट सहसा चिकटत नाही, किंवा कसंबसं हलतं, आणि पांढऱ्या टाइलच्या मागच्या खडबडीत बाजूवर घासलं तर तपकिरी कस, म्हणजे रेघ, देतं, मॅग्नेटाइटचा काळा. हे सगळं गावच्या पाणवठ्याच्या खालच्या अंगाला करायचं, आणि धुतलेली वाळू तिथेच सोडायची.

हिरवट दगड फोडताना रेशमासारखे तंतू दिसले तर हातोडी थांबवा. तो ॲस्बेस्टॉस, म्हणजे फुप्फुसाला घातक असं तंतुमय खनिज, असू शकतो.

रात्री शेजारच्या गावात जत्रा होती आणि दशावतार. पहाटेपर्यंत चाललं. एका आजोबांनी मध्येच वळून विचारलं, “सोना गावला तर आमका पयला सांगशात मा?”

पाचवा दिवस : ड्रिल, कलमांचे खड्डे, कुडोपी

एका कातळावर सर्वेक्षणाचं ड्रिलिंग चालू होतं, मुकादमांनी बघू दिलं. रिगवरची पोरं झारखंड-ओडिशाची, दुपारच्या भाताचं पातेलं कोअर-बॉक्सच्या शेजारीच चढलेलं. गावातला जो येईल तो एकच विचारतो, “पाणी लागला?” बोअरवेल आणि कोअर-ड्रिल यांतला फरक गावाला सांगितला नाही की अफवा सुरू होतात. इथे दगडाचा भुगा होत नाही, अखंड दांडी, म्हणजे कोअर, निघते. ड्रिलच्या एनक्यू या मापात ती ४७.६ मिलिमीटर जाडीची असते.

ही दांडी मीटर-मीटरच्या खाचांच्या पेटीत डावीकडून उजवीकडे, पुस्तकाच्या ओळींसारखी लावतात, आणि प्रत्येक खेपेच्या शेवटी खोली लिहिलेला लाकडी ठोकळा. दीड मीटर ड्रिल केलं आणि सव्वा मीटर दांडी आली तर रिकव्हरी ८३ टक्के. उरलेलं कुठे गेलं हा प्रश्न तिथल्या तिथे विचारायचा असतो, संध्याकाळी तो कोणालाच आठवत नाही. बॉक्साइटमध्ये तर पाण्याने ड्रिल करणंच फसवं. पाणी मऊ चिकणमाती धुऊन नेतं, तिच्याबरोबर सिलिका जाते, आणि कागदावर खनिज आहे त्यापेक्षा चांगलं दिसतं. तिथे खड्डा किंवा कोरडं ड्रिलिंगच खरं बोलतं.

ड्रिलला दिवसाला काही हजार लिटर पाणी लागतं. ते गावच्या विहिरीतून घ्यायचं नाही, आणि घेतलेलं परत वापरायचं. इथे प्लास्टिकचा कागद अंथरलेले दोन हौद होते. पहिल्यात गाळ बसतो, दुसऱ्यातलं निवळलेलं पाणी पुन्हा रिगला. रिगखाली पत्र्याचा ट्रे, डिझेल त्यात ठिबकतं. सांडलंच तर लाकडाचा भुसा टाकून माती ड्रममध्ये भरून न्यायची, पाण्याने धुऊन काढायची नाही.

भोक संपलं की सिमेंटने खालून वर बंद करायचं आणि वर क्रमांक, खोली, तारीख लिहिलेला खांब. याच कातळावर थोडं पुढे जुनं भोक दिसलं, वर फक्त एक दगड ठेवलेला. कोणाचं होतं कळलं नाही. दगड उचलून खडा टाकला, बराच वेळ आवाज आला नाही. अशा भोकातून गोठ्याचं पाणी थेट भूजलात जातं.

परतताना एका बागायतदाराकडे थांबलो. त्यांनी हापूसच्या कलमांसाठी मीटर बाय मीटर बाय मीटरचे खड्डे पावसाळ्यानंतर लगेच मारून ठेवले होते. पठारावर रांगेने, समान अंतरावर! चाचणीच्या खड्ड्यांची जाळी याहून वेगळी काय असते? त्यांच्या परवानगीने सगळ्यांच्या भिंती नोंदवल्या. विहिरी, चिऱ्याच्या खाणी, रस्त्याचे काप, कलमांचे खड्डे : कोकणात जमीन आधीच ठिकठिकाणी उघडलेली असते. नवा खड्डा मारण्याआधी मारलेला शोधावा.

एक सावधगिरी मात्र हवी. कोकणच्या जांभ्यावर फुरसं फार. रंग दगडाचाच. दगड हाताने उलटायचा नाही, हातोडीच्या दांड्याने, आपल्यापासून दूर. जवळच्या कोणत्या ग्रामीण रुग्णालयात सर्पदंशाची लस आहे हे रोज सकाळी विचारून ठेवायचं.

ऊन कलताना कुडोपीच्या सड्यावर गेलो. कातळात कोरलेल्या आकृती तिरप्या उन्हात उठून दिसतात, भर दुपारी पायाखाली असल्या तरी कळत नाहीत. कोकणातली कातळशिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत आणि कुडोपी त्यात आहे. पण यादीत नसलेलीही सड्यांवर आहेत, काही मातीखाली. म्हणून सड्यावर जाळी आखण्याआधी सकाळी किंवा संध्याकाळी, गुराख्याला बरोबर घेऊन एक फेरी मारावी. गवताखाली काय आहे ते त्यालाच माहीत असतं.

सहावा दिवस : रेडी आणि परत

रेडीला लोहखनिजाच्या जुन्या खाणी आहेत, पाण्याने भरलेले खोल खड्डे आणि लाल ढिगारे. १९७६ साली इथल्या खाणीत सापडलेली द्विभुज गणपतीची मूर्ती जवळच देवळात आहे. दर्शनाला गर्दी होती. खोबऱ्याच्या वाटपात सुरमईचा विषय निघाला आणि दुपारचं जेवण तिथेच ठरलं. पट्टेदार लोहखडक बघायला किनाऱ्याकडचे उघडे कडे पुरतात. लाल-करड्या पट्ट्या, चुंबकाला हलकी ओढ. जुन्या खाणीच्या काठावर जायचं नाही, जांभ्याची कड खालून पोखरलेली असते.

दोडामार्ग-सावंतवाडीकडे जाणार असाल तर जानेवारी ते मे माकडतापाचं लक्षात ठेवा. २०१६ पासून तिथे रुग्ण आढळलेत. तो गोचिडीमुळे होतो. पूर्ण बाह्या, पँटचे पाय मोज्यांत, आणि संध्याकाळी आंघोळीआधी एकमेकांची मान, काखा, गुडघ्यामागची जागा तपासणं. जंगलात मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता आरोग्य केंद्राला कळवायचं.

आंबोली घाटाने चढून रात्री उशिरा पुणे. नमुने दुसऱ्या दिवशी गच्चीवर, सावलीत, एकमेकांपासून हातभर अंतरावर वाळत घातले. वाऱ्याने एका पिशवीची धूळ दुसरीत जाते, त्यामुळे चारही बाजूंनी आडोसा.

मग पत्रं. ज्या वाडीत झरे मोजले तिथे मोजणीचा तक्ता, ज्या पंचायतीच्या ओढ्यात गाळ उपसला तिथे थाळीत काय दिसलं ते, साध्या मराठीत, एका पानावर. ‘तुमच्या ओढ्यात काळी वाळू आहे, ती बरीचशी मॅग्नेटाइट आहे, तिच्यावरून खाण होईल असा कोणताही अर्थ निघत नाही’ हे वाक्य सगळ्यात महत्त्वाचं, कारण ते लिहिलं नाही तर पुढच्या महिन्यात जमिनीचे दलाल गावात फिरू लागतात. नकार कळवण्याची पद्धत या धंद्यात फार कमी आहे. गावकरांचा फोन आला, पत्र देवळाच्या फलकावर लावलं म्हणाले. सोन्याबद्दल विचारणाऱ्या आजोबांनी ते दोनदा वाचून घेतलं, आणि एप्रिलमध्ये झरे मोजायला येणार असाल तर आंब्याच्या हिशेबाने या, असा निरोप दिला.